फटाके फोडणारा बैल

पहिला बार उडाला तेव्हा रत्नाला वाटलं, शेजारच्या वावरात कुणी रानडुकरं हाकलायला फटाका लावला. दुसरा बार उडाला तो मात्र तिच्याच पुढ्यात. तिच्या हातातलं विडर खोकलं, सायलेन्सरमधून फाटकन आवाज आला, पुन्हा एकदा खोकलं आणि कपाशीच्या ओळीत मधोमध बंद पडलं. बांधावरच्या निंबाच्या झाडावरून बगळे उडाले. पलीकडच्या शेतात तिचा चुलत दीर भटू बैलांना पाणी पाजत होता, त्याने हातातली बादली खाली ठेवली.

"वहिनी," तो ओरडला, "वरणगावनी दारूगोळानी फॅक्टरी आठे उठी उनी का?"

रत्नाने हसून हात हलवला. हसणं भाग होतं. भटूसमोर कपाळाला आठी घालायची नाही, हे तिने विडर आणलं त्या दिवशीच ठरवलं होतं.

विडर म्हणजे पेट्रोलवर चालणारं कोळपणीचं मशिन. पुढे इंजिन, खाली माती फिरवणारी पाती आणि मागे सायकलसारखी दोन मुठींची दांडी. दोरी ओढून सुरू करायचं आणि कपाशीच्या दोन ओळींमधून चालवत न्यायचं, की तण उपटून माती भुसभुशीत होते. धरणगावपासून थोडं आत असलेल्या त्या गावात विडर पुष्कळांकडे होती. पण बाईमाणूस ते चालवतं असं घर एकच.

रत्नाने टाकीचं झाकण उघडून पाहिलं. पेट्रोल काठोकाठ होतं. झाकण लावलं, दोरी ओढली, तर मशिन शहाण्यासारखं सुरू झालं. तिने एक ओळ काढली, दुसरी निम्मी काढली, आणि पुन्हा फट् फट् फाट. भटूच्या बैलाने कान टवकारले.

त्या बैलाचं नाव पिंट्या. गेल्या वर्षीपर्यंत तो रत्नाच्याच दावणीला होता.

*

रत्नाचं माहेर धुळ्याकडचं. वडिलांची पिठाची गिरणी होती, डिझेल इंजिनावरची. इंजिनाचा ठोका चुकला की तिचे वडील भरल्या ताटावरून उठून जायचे, आणि आई म्हणायची, या माणसाचं लग्न माझ्याशी झालं की त्या इंजिनाशी. त्या ठोक्यातच रत्ना लहानाची मोठी झाली. पुढे योगेंद्रशी लग्न होऊन ती जळगावला आली. तो एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात, आणि बिऱ्हाड मेहरूणमध्ये दोन खोल्यांचं. शेजार चांगला होता, संध्याकाळी तलावावर फिरायला जाता येत होतं. पण रत्नाला त्या घराचं आठवतं ते एवढंच, की आपण सारखी कशाची तरी वाट पाहत असायचो. नळाची, शिफ्ट सुटण्याची, लेकीच्या, पुनमच्या, शाळेच्या रिक्षाची. आपल्या हाताने सुरू व्हावं आणि आपल्या हाताने संपावं असं दिवसभरात काहीच नसायचं, स्वयंपाक सोडला तर. आणि स्वयंपाक काही संपत नाही.

सासरे गेले त्या वर्षी कपाशी वेचायला म्हणून ती पंधरा दिवसांसाठी गावी आली. ती आली ती राहिलीच. सासू झुंबरबाई एकटी होती आणि मेहरूणला यायला तयार नव्हती, हे सांगायचं कारण. खरं कारण रत्नाने कुणाला सांगितलं नाही. पहिल्या दिवशी वेचणी करून बांधावर बसल्यावर तिला एवढी भूक लागली होती, की ज्वारी-उडदाच्या कळण्याची कोरडी भाकरी आणि ठेचा खाताना डोळ्यांत पाणी आलं. ते ठेच्याचं नव्हतं.

योगेंद्र दर रविवारी यायचा. माणूस वाईट नाही. आईने आणि बायकोने आपल्याजवळ राहावं एवढंच त्याचं म्हणणं. वावर भटूला निमबटाईने, निम्म्या पिकावर, कसायला द्यायचं, वर्षाचं धान्य घरात येईल, आणि सगळ्यांनी मेहरूणला राहायचं. पुनम तर आता नर्सिंगला धुळ्याला होती. रत्ना दरवेळी म्हणायची, या हंगामाचं होऊ द्या. मग पुढच्या हंगामाचं.

गेल्या वर्षी चांदा बैल म्हातारपणाने गेला. उरला पिंट्या, पुनमने लहानपणी ठेवलेलं नाव. एका बैलाची जोडी होत नाही. दुसरा बैल घ्यावा, तर त्याला हाकणारा गडी कुठून आणायचा? रत्नाने पिंट्या भटूला दिला आणि विडर आणलं. बैल घरच्या घरात गेला तरी झुंबरबाईने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. विडर टेम्पोतून उतरवलं तेव्हा ती ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "याले शेपूट कोठे शे?" त्यानंतर मशिनचं नाव तिने तोंडातून काढलं नाही. अंगणातून जाताना ती मशिनला वळसा घालून जायची, जसं एखाद्या न बोलावलेल्या पाहुण्याला घालतात.

यंदा पेरणी उशिरा झाली होती, आणि पोळ्यानंतरची ही कोळपणी शेवटची. कपाशी आता मांडीला लागत होती. अजून आठवडाभरात ओळी एकमेकींना भिडल्या की मशिन आत शिरणार नव्हतं, आणि तण मात्र शिरलेलंच राहणार होतं. योगेंद्रने मागच्या रविवारी जाताना सांगितलं होतं, "भटू विचारत होता. यंदाचं वावर कसं दिसतंय ते पाहू. पुढच्या रविवारी त्याला काय ते सांगून टाकू." कसं दिसतंय, या दोन शब्दांवर रत्नाचं सगळं अवलंबून होतं. तणात बुडालेलं वावर दाखवून 'मी सांभाळते' म्हणता येत नाही.

*

धरणगावात बसस्टॅन्डच्या मागे रुपचंद मिस्तरीचं गॅरेज. फवारणीचे पंप, विडर, मोटारसायकली, सगळं त्याच्याकडे यायचं. डॉक्टर नाडी बघतो तशी त्याची एक रीत होती. कुठलंही मशिन आलं, की आधी टाकीचं झाकण काढायचं, बॅटरीचा उजेड आत मारायचा, आणि नाक लावून पेट्रोलचा वास घ्यायचा. निम्मी दुखणी पेट्रोलचीच असतात, असं तो म्हणायचा. लोक पाण्याच्या बाटलीत पेट्रोल आणतात आणि मशिनला पडसं होतं.

"पेट्रोल चांगलंय, अक्का," त्याने झाकण लावलं. "आता सांगा. बार कधी उडतो? सुरू करताना?"

"नाही. सुरू छान होतं."

"अॅक्सिलेटर सोडल्यावर?"

"काम करता करताच. आधी ताकद कमी होते, मग खोकतं, मग फटाके."

रुपचंदने प्लग काढला. पांढरट पडला होता. त्याने एअर फिल्टर झटकला, कार्बोरेटर खोलून त्यातली बारीक भोकं हवेने फुंकून साफ केली, सायलेन्सरचे बोल्ट ढिले आहेत का पाहिलं. नवा प्लग लावला. दोरी ओढली. मशिन असं चालू लागलं, की रत्नाला तिच्या वडिलांची गिरणी आठवली. चहा येऊन पिऊन झाला तरी एक ठोका चुकला नाही.

"घेऊन जा," रुपचंद म्हणाला. "कचरा असेल काहीतरी."

दुसऱ्या दिवशी वावरात नेलं, तर एक ओळ होते न होते तोच फट् फाट. भटू बांधावर येऊन उभाच होता.

"वहिनी, दुरुस्त करू नका बरं," तो म्हणाला. "कालपास्नं डुकरं फिरकनी नही. मन्हा वावर बी राखाई राहिना."

"मग राखणीची मजुरी पाठवून द्या, भटूभाऊ."

"मजुरी कसाले, बैल लई जा. पिंट्या रिकामाच शे. नाहीतर बठ्ठं वावरच मी पाही लेस."

हसत हसत म्हणाला, पण म्हणाला. रत्ना मशिन परत गॅरेजात घेऊन गेली. रुपचंदने झाकण काढलं, वास घेतला, झाकण लावलं, दोरी ओढली. मशिन कुरकुर न करता चाललं.

"अक्का, दवाखान्याच्या पायरीवर आलं की दात दुखायचा थांबतो, तसं चाललंय याचं," तो डोकं खाजवत म्हणाला. "दुखणं घरी जाऊनच बघावं लागेल. शनिवारी येतो मी तुमच्या वावरात."

*

मुंग्या दिसल्या त्या त्याच दिवशी संध्याकाळी.

विडर पडवीत उभं होतं. भिंतीवरून लाल मुंग्यांची एक बारीक रांग निघाली होती. ती दांडीवर चढून थेट टाकीकडे गेली होती. रत्ना बघत उभी राहिली. पेट्रोलच्या वासाला मुंगी कधी जात नाही. मुंगी कशाला जाते हे स्वयंपाकघरात हयात घालवलेल्या बाईला सांगावं लागत नाही.

आणि मग तिला एकदम पोळ्याची संध्याकाळ आठवली. त्या दिवशी भटू पिंट्याला सजवून दारात घेऊन आला होता. शिंगांना रंग, गळ्यात घुंगुरमाळ. झुंबरबाईने त्याचे पाय धुतले, ओवाळलं, खापरावरच्या पुरणपोळीचा घास त्याच्या तोंडात दिला आणि कपाळाला कपाळ लावून उभी राहिली. सगळे बैल पाहायला वेशीकडे गेले. रत्ना आरतीचं ताट आत ठेवून बाहेर आली, तर सासू पडवीतून बाहेर येत होती, एकटी, पदराला हात पुसत. रत्नाला पाहून ती दचकली होती. मशिनजवळ हिचं काय काम, असं तेव्हा मनात येऊन गेलं होतं; पण सणाच्या घाईत ते मागे पडलं.

पोळ्यानंतरच फटाके सुरू झाले.

बाजाराच्या जीपमध्ये तिने एक गोष्ट ऐकली होती. कुठल्याशा गावात भावाने भावाच्या मोटारसायकलच्या टाकीत साखर टाकली आणि इंजिनाचं मातेरं झालं. ऐकताना ती हसली होती. आता ती स्वयंपाकघरात गेली आणि साखरेचा डबा उघडून पाहू लागली. साखर बरीच खाली गेली होती. पण सण होता, घरात माणसं आली होती, चहा किती वेळा झाला कुणी मोजलं होतं?

"साखर मोजी राहिनी का?" झुंबरबाई दारात उभी होती.

"नही, आत्या. मुंग्या दिसन्यात, म्हनीसन पाहं."

"मुंग्या ते येतीनच. गोड तठे मुंगी." झुंबरबाई आत आली, पाटावर बसली आणि म्हणाली, "तुन्हं मशिन कसं शे आते?"

मशिन आल्यापासून पहिल्यांदाच तिने मशिनची चौकशी केली होती. रत्नाच्या हातातलं झाकण डब्यावर नीट बसेना.

"तसंच शे," ती म्हणाली.

"हं," झुंबरबाई म्हणाली आणि भाकरीचं पीठ पुढे ओढलं.

रत्ना तिच्याकडे पाहत राहिली. एवढ्या वर्षांत दोघींची भांडणं झाली नव्हती असं नाही. मिठावरून झाली, पाहुण्यांवरून झाली, पुनमला शिकायला पाठवण्यावरून झाली. पण या बाईने तिचं वाकडं व्हावं म्हणून कधी काही केलं नव्हतं. सासरे गेले तेव्हा याच घरात दोघी एका गोधडीत झोपल्या होत्या. आता टाकीत साखर निघाली तर काय करायचं? योगेंद्रला सांगायचं? गावाला कळलं, तर म्हाताऱ्या बाईची शोभा. नाही सांगितलं, तर रोज तिच्या हातची भाकरी खाताना घास कसा उतरायचा? रत्नाला मशिनपेक्षा या दुसऱ्या गोष्टीचीच जास्त धास्ती वाटू लागली. मशिन बंद पडलं तर वावर जाईल. पण ज्या घरासाठी वावर धरून ठेवायचं, तेच हातातून गेलं तर कोळपणी कुणासाठी करायची?

दुसऱ्या दिवशी मशिन बंद पडलं तेव्हा नेहमीसारखं टाकीचं झाकण काढायला तिचा हात गेला आणि तिथेच थांबला. आत काही दिसलं तर? तिने झाकण उघडलंच नाही. मशिनला आराम देऊ म्हणून निंबाखाली जाऊन बसली. सावली सरकली तरी बसून राहिली. मग उठून दोरी ओढली. ओढ ओढ ओढली, हाताला फोड यायची वेळ आली, पण मशिन सुरू होईना. शेवटी डोळे मिटून तिने झाकण काढलं, न पाहताच परत लावलं, आणि दोरी ओढली. मशिन एका झटक्यात सुरू झालं.

आत न पाहिलेलंच बरं, असा तिने त्यातून शकुन धरला. मशिनचा विषय असूनही.

*

शनिवारी रुपचंद मोटारसायकलवर हत्यारांची पिशवी लटकवून वावरात आला. झाकणाकडे त्याचा हात गेला, तशी रत्ना म्हणाली, "आधी चालवून तर बघा."

ती घाबरून म्हणाली होती. पण त्यामुळे झालं असं, की रुपचंदने आयुष्यात पहिल्यांदाच वास न घेता एखादं मशिन सुरू केलं. पेट्रोल सकाळी तिनेच, आत न निरखता, काठोकाठ भरलं होतं. त्याने स्वतः दांडी धरली, रत्ना बाजूने चालू लागली. ओळ संपायच्या आतच इंजिनाचा आवाज पातळ झाला, खोकला आला, आणि फाटकन बार उडाला. पलीकडे भटूने काम थांबवलं.

रुपचंदने मशिन बंद पडू दिलं नाही. चोक अर्धा ओढला. फटाके थांबले, इंजिन थोडा वेळ सावरलं, मग पुन्हा खोकू लागलं आणि बंद पडलं.

"उपाशी आहे हे," तो म्हणाला. "पेट्रोल कमी पडतंय याला. हवा जास्त, पेट्रोल कमी, म्हणून आतला जाळ वेळेवर होत नाही, मागाहून सायलेन्सरमध्ये होतो. तोच तो बार."

"पण टाकी तर भरलेली आहे."

"तेच ना." त्याने कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल केला. दोन-चार थेंब पडले आणि थांबले. नळी काढली, तर तिच्यातूनही थोडं पेट्रोल ओघळलं आणि थांबलं. "टाकी भरलेली आणि नळी कोरडी. हे कसं काय?"

रत्ना खाली बसून त्या नळीकडे पाहत होती. असं काहीतरी आपण रोज पाहतो, असं तिला वाटत होतं. थोडं पडतं आणि थांबतं. थोडं पडतं आणि थांबतं. कशातून?

"तेलाचा डबा," ती म्हणाली.

"काय?"

"तेलाच्या नव्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल असंच येतं. डबडब करतं आणि थांबतं. म्हणून आम्ही दुसरं भोक पाडतो, समोरच्या बाजूला. हवा जायला." ती रुपचंदकडे पाहू लागली. "याला दुसरं भोक कुठे असतं? काल मी टाकी उघडली नाही, तर मशिन सुरूच झालं नाही. उघडून नुसती लावली, आणि लगेच झालं."

रुपचंद तिच्याकडे पाहत राहिला, मग टाकीकडे, मग स्वतःच्या हाताकडे.

"आणि मी दरवेळी आधी झाकणच उघडतो," तो म्हणाला. "वास घ्यायला." तो एकटाच हसायला लागला. "म्हणजे रोग्याला बरं करून मग तपासतोय मी, अक्का. आणि गॅरेजात नुसत्या उभ्या इंजिनाला पेट्रोल लागतं तरी किती!"

त्याने झाकण फिरवलं. टाकीने स्सुक् करून हवा आत ओढली, एवढी जोरात, की रत्नालाही ऐकू आलं; आणि नळीतून पेट्रोलची धार लागली. रुपचंदने घाईने नळी जागेवर बसवली. मग झाकण उजेडात धरलं. मधोमध सुईच्या नेढ्याएवढं भोक असतं, ते कुठे दिसेना. त्या जागी पिवळसर काहीतरी घट्ट बसलं होतं, वरून धुळीने माखलेलं. एक मुंगी त्याच्याभोवती फिरत होती.

रत्ना आणखी पुढे वाकली.

रुपचंदने बारीक तारेने ते टोकरून तळहातावर घेतलं, बोटात चुरडलं आणि सवयीप्रमाणे नाकाला लावलं. त्याचा चेहरा विचित्र झाला. त्याने पुन्हा वास घेतला.

"अक्का," तो म्हणाला, "हे पुरण आहे."

"काय?"

"हरभऱ्याच्या डाळीचं. वेलदोडा घातलेलं. वर तूप. बघा."

रत्नाने पाहिलं. बांधावरून झुंबरबाई डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन येत होती. मिस्तरी येणार म्हणून चौघांपुरती भाकरी तिने स्वतःहून केली होती. दोघांना असं तळहातात तोंड घालून बसलेलं पाहून ती जवळ आली, टोपली उतरवली आणि वाकून पाहू लागली. मग सरळ झाली.

"आत्या," रत्ना म्हणाली, "हाई काय शे?"

झुंबरबाईने पदर तोंडाला लावला. ती आपली सून सोडून भलतीकडेच पाहत होती, कपाशीच्या पार त्या टोकाला.

"सनना दिन व्हता," ती म्हणाली. "बठ्ठा बैलस्ले घास भेटी गया. यालेच नही. वरीसभर राबस ना ते बी. उपाशी कसं ठेवानं?"

"पन झाकणले लायं?"

"माले काय माहित त्यानं तोंड कोठे शे? जठून पेट्रोल पेस, तेच तोंड." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "तू हासशी म्हनीसन सांगं नही."

रत्ना हसली नाही. ती मातीतच बसली, पाय पसरून, लहान पोर बसतं तशी. छातीवरचा काही दिवसांचा दगड एकाएकी उतरला, की मग माणसाला तोल सावरता येत नाही. साखरेच्या डब्यात डोकावणारी ती स्वतःच तिला दिसली आणि मान खाली गेली. मग हसू आलं, ते थांबेना.

"पाहं का," झुंबरबाई रुपचंदला म्हणाली. "सांगं ना मी. हासस."

"रुपचंदभाऊ," रत्ना डोळे पुसत म्हणाली, "टाकीत साखर पडली तर काय होतं?"

"साखर? ती पेट्रोलमध्ये विरघळत नाही. तळाला बसते. असती, तर पहिल्या दिवशीच बॅटरीच्या उजेडात दिसली असती मला." तो झाकण फुंकत होता. "का?"

"काही नाही. लोक काहीबाही सांगतात."

पहिल्याच दिवशी विचारलं असतं, तर तेव्हाच मोकळी झाले असते, एवढं तिच्या मनात आलं. पण काही प्रश्न मिस्तरीला विचारायचे असतात हे आपल्याला उशिरा कळतं. तोवर आपण ते घरातल्या माणसांच्या पाठीकडे बघून विचारत बसतो.

झाकण लागलं. दोरी ओढली. रत्नाने दांडी हातात घेतली. एक ओळ झाली, दुसरी झाली, वळून तिसरीत शिरली. मागे मऊ काळी माती उलथत होती, ठोका एकसारखा पडत होता. रुपचंद आणि झुंबरबाई निंबाखाली भाकरी सोडून बसले. भटू बांधावर येऊन कान देऊन उभा राहिला.

"वहिनी," त्याने विचारलं, "फटाका सरनात का?"

"सरले, भटूभाऊ. डुकरांचं तुमचं तुम्ही बघा."

"हात तुनी," तो म्हणाला आणि भाकरीला बसला. झुंबरबाईने चौथा वाटा त्याच्यासाठीच आणला होता.

*

रविवारी योगेंद्र आला तेव्हा वावर भांग पाडल्यासारखं दिसत होतं. शेवटच्या ओळी रत्नाने सकाळीच काढल्या होत्या. तो बांधावर बराच वेळ उभा होता. घरी येऊन हातपाय धुतले, चहा घेतला. भटूही आला होता, ओट्यावर बसला होता. योगेंद्रने कप खाली ठेवून घसा खाकरला. रत्ना चुलीजवळ होती. तिचे हात थांबले.

"आई," तो म्हणाला, "भटूशी बोलायचं ठरलं होतं. वावराचं. म्हटलं, पुढच्या सालाचं काय ते आत्ताच—"

"पुढला सालनं निंघनंच शे तर आयक," झुंबरबाई सुपातले तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "जळगावले जाशी तव्हय लाल कापड लई ये. चांगलं जाडं. नि काचना बारीक आरसा."

"कशाला?"

"पुढला पोळाले मशिनले झूल शिवनी शे माले. पिंट्याले शे, याले काबर नको?" तिने एक खडा वेचून अंगणात फेकला. "माप रत्नाले इचार. माले त्यानं पुढलं कोठलं नि मागलं कोठलं, अजून समजस नही."

योगेंद्रने भटूकडे पाहिलं. भटू कपातल्या चहाकडे पाहत होता, आणि त्याच्या मिशा हलत होत्या.

"मीटर, दोन मीटर?" योगेंद्रने शेवटी बायकोला विचारलं.

"दोन आणा," रत्ना आतून म्हणाली. "उरलं तर उरलं." आणि तवा चढवला.